लांब उतारावरची चाकोरी

ऑगस्ट सरत आला की डोंगरातल्या त्या निवाऱ्यात माणूस दिसेनासा होई. जुलैत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बिछाने भरलेले असत, वाळत टाकलेल्या मोज्यांच्या वासाने जीव नकोसा होई. आणि आता चार दिवस झाले, वायरलेस सोडला तर आल्दिसच्या कानावर स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज पडला नव्हता. तोही ती मुद्दाम काढायची. "चला, पाणी बघून येऊ," असं सकाळी भिंतीला सांगून ती बाहेर पडायची.

पाणी म्हणजे करडी नदी. निवाऱ्यापासून शंभर पावलांवर ती रस्ता कापून जायची. पूल नव्हता, येणाऱ्या प्रत्येक गाडीला पाण्यातूनच यावं लागे. हिमनदीचं वितळलेलं पाणी ते, दुपारच्या उन्हाने संध्याकाळपर्यंत चढायचं आणि पहाटे उतरायचं. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून, खुणा केलेली काठी घेऊन आल्दिस रोज नदीत उतरायची. कुठे गुडघ्याला लागतं, कुठे मांडीला, तळाचे धोंडे रात्रीत कुठून कुठे सरकले, हे बघून दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायची. वाचायला कुणी नसलं तरी लिहायची. सत्तावन्न वर्षांची ही बाई नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्याला इथे निवारा सांभाळायला येत होती. हा पाचवा उन्हाळा.

नऊ वाजता वायरलेसवर रागना यायची. ती खालच्या खोऱ्यात वनरक्षकांच्या कचेरीत होती.

"आहेस का गं जिवंत?"

"अजून तरी."

"मग ऐक. लांब उतारावरच्या जुन्या चाकोऱ्या बुजवायला गुरुवारी सहा माणसं यायची होती ना? पाच गळाली. कुणाची कंबर धरली, कुणाची सासू आली. एकटा म्हातारा तेवढा येतोय. एकाहत्तर वर्षांचा आहे, पण काटक आहे हो. ब्रांदुर नाव, उत्तरेकडचा."

आल्दिसने हातातला कप खाली ठेवला. "ब्रांदुर एयोल्फसन?"

"तोच. ओळखतेस?"

"नाव ऐकलंय."

"जागा दाखव, अवजारं दे, जेवायला घाल. आणि काय गं, त्या चाकोऱ्या पाडल्या कुणी, काही कल्पना? माझ्या यादीत 'अज्ञात' लिहिलंय."

"जुन्या आहेत," आल्दिस म्हणाली. "फार जुन्या आहेत त्या."

निवाऱ्याच्या मागच्या खिडकीतून त्या रोज दिसायच्या. उतारभर वीतभर जाडीच्या शेवाळाची करडी-हिरवी गादी पसरलेली, आणि तिच्यावरून गेलेल्या दोन काळ्या रेघा. चारशे पावलं लांब. पहिल्या दिवशी त्या चार बोटं खोल होत्या. मग त्यांत वितळतं बर्फ वाहू लागलं, माती निघून गेली. आता काही ठिकाणी आत उभं राहिलं तर काठ गुडघ्याला लागे. त्या पहिल्या दिवशी किती खोल होत्या हे सांगू शकणारी दोनच माणसं होती. त्यांतला थोरिर, आल्दिसचा नवरा, आता नव्हता.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला दोन महिने झाले होते. थोरिर जीपवाल्यांच्या मंडळाचा म्होरक्या. पुढच्या आठवड्यात वीस गाड्यांची सफर निघायची होती, तिची वाट तपासायला दोघं आली होती. गाडी आल्दिस चालवत होती. लांब उताराखाली रस्त्यावर बर्फाचा ढिगारा आडवा पडलेला. थोरिर उतरला, काठीने टोचत पलीकडपर्यंत चालून गेला, परत आला.

"आतून वितळून पोकळ झालंय सगळं. गाडी बसेल. वळव मागे."

"मागे? सहा तास आलोय आपण!"

"सहा तास परत जाऊ. रस्ता उघडेल तेव्हा उघडेल."

"वरून जाते ना मी. चारशे पावलं आहेत फक्त. शेवाळ कोरडं दिसतंय."

"आल्दिस, रस्ता सोडायचा नाही."

ती हसली. तिने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि स्टिअरिंग उताराकडे वळवलं. थोरिर बाजूने धावत, हात हलवत ओरडत होता, आणि तिला ती गंमत वाटली होती. गाडी सुरेख गेली. एकदाही चाक जागच्या जागी फिरलं नाही. पलीकडे उतरून तिने मागे पाहिलं तेव्हा दोन्ही रेघांत पाणी पाझरायला लागलं होतं.

आठवड्याने सफर आली आणि रेघा सगळ्यांनी पाहिल्या. तेवढे रुंद टायर तेव्हा मोजक्याच गाड्यांना होते, त्यांत थोरिरची एक. मंडळातल्याच ब्रांदुरने मंडळाला पत्र लिहिलं, पानभर. सभा भरली. थोरिर उठला आणि म्हणाला, "मी चालवत होतो." आल्दिस शेवटच्या रांगेत बसली होती. तीही उठणार होती. परतताना तो म्हणाला, "तुला बचाव पथकात गाडी चालवायची आहे ना? बाई म्हणून आधीच नाकं मुरडतायत. मग गप्प बस." ती गप्प बसली. पुढची बावीस वर्षं तिने बचाव पथकाची गाडी चालवली, वादळात, हिमनदीवर, कुठे कुठे. थोरिरला कुणी पुन्हा म्होरक्या केलं नाही. ती बाहेर असली की तो घरी वायरलेसपाशी बसून राही. त्यावरून एक शब्द तो कधी बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी चारला पलीकडच्या काठावर पांढरी जुनी जीप येऊन थांबली. आल्दिस खिडकीपाशीच होती. दोन वाजल्यापासून होती, खरं तर. वायरलेस खरखरला.

"पलीकडे कोण आहे? ब्रांदुर बोलतोय."

"आल्दिस. निवाऱ्याची. गाडी तिथेच उभी कर. आज पाणी ओलांडायचं नाही."

"का? दिसायला तर बरं दिसतंय."

"दिसायला बरं दिसतंय तिथेच खोल आहे. सकाळी मांडीएवढं होतं, आता माझ्या कमरेच्या वर असेल. उद्या सहाला ये, मी समोर उभी राहते."

"अगं, दोनच दिवस आहेत माझ्याकडे. चाळीस वर्षं नद्या ओलांडतोय मी."

"मग चाळीस वर्षांत पाण्यात उतरून बघायला शिकला असशीलच. बघ उतरून."

म्हाताऱ्याने गाडीतून विजार काढून चढवली, काठी घेतली आणि नदीत शिरला. दहा पावलांवर पाणी कमरेला लागलं. अकराव्याला तो हेलपाटला. आल्दिस फेकायच्या दोराची पिशवी उचलून दाराबाहेर धावली. पण त्याने काठीवर भार टाकून तोल सावरला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे घेत काठावर आला. तिने पिशवी खाली ठेवली. पुढे रेटणारा माणूस वाहून जातो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. हा मागे फिरला.

थोड्या वेळाने आवाज आला. "सहाला म्हणालीस ना?"

"सहाला."

"बरं. इथेच पडतो. कॉफी आहे माझ्याकडे."

"माझ्याकडेही आहे."

अशी दोघं नदीच्या दोन काठांना कॉफी पीत बसली. मध्ये पाण्याचा खळखळाट एवढा की ओरडून काही ऐकू जाणार नाही. पण वायरलेसवर तो कानाशी बसल्यासारखा बोलत होता. सुका मासा लोण्याला लावून खातोय म्हणाला. मुलगी नॉर्वेत असते म्हणाला. आल्दिस हूं हूं करत होती. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्याशी कामाखेरीज बोलत होतं, आणि बोलणारा नेमका हा.

"त्या चाकोऱ्या कुणाच्या, माहीत आहे तुला?" ब्रांदुरने विचारलं.

तिने बटण दाबलं नाही.

"थोरिर नावाचा माणूस होता आमच्यात. त्याच्यासारखा चालवणारा मी पाहिला नाही. आणि त्याने हे असं करावं! मी पत्र लिहिलं त्याच्याविरुद्ध. खरं होतं ते, चूक काही नव्हतं त्यात. पण भाषा... भाषा मी फार कडक वापरली. 'याच्या हाती माणसं सोपवू नयेत' असं लिहिलं. तो गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, सभेनंतर निदान एकदा भेटायला हवं होतं. म्हणून आलोय. बाकीचे आले नाहीत ते बरंच झालं एका परीने. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," आल्दिस म्हणाली. "झोप आता. लवकर उठायचंय."

अजून उजेड होता. तिने वायरलेस बंद केला, आणि मग पुन्हा चालू करून ठेवला, आवाज बारीक करून. त्या पत्रातलं ते वाक्य तिला ठाऊक होतं. मंडळाकडून आलेलं ते पत्र थोरिरने घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलं होतं आणि ती साफसफाई करताना दर वर्षी ते उचलून खालचा कागद बदलायची.

सकाळी सहाला पाणी उतरलं होतं. आल्दिस कमरेला दोर बांधून नदीत शिरली, दोराचं दुसरं टोक काठावरच्या लोखंडी खुंटाला. जिथे पाणी पसरून बारीक बारीक उसळत होतं तिथे उथळ. जिथे गुळगुळीत, तिथे डोह. परवा वाटेत दिसलेला धोंडा चार हात खाली सरकला होता. तिने काठीने वाट टोचून काढली आणि मध्यावर, वरच्या अंगाला, उभी राहिली.

"सीटचा पट्टा सोड," ती छातीला अडकवलेल्या वायरलेसवर म्हणाली. "काचा खाली घे. फोर-व्हीलचे सावकाश गिअर लाव, त्यांतला दुसरा. रस्ता पाण्यात शिरतो तिथूनच उतर, बाजूचा काठ मोडू नकोस. मग प्रवाहाबरोबर तिरका, माझ्या खालून. घाई नाही. आणि मध्ये गिअर बदलायचा नाही."

"हो गं बाई, हो."

जीप उतरली. पुढच्या बाजूला पाण्याची लाट उभी राहिली आणि गाडी तिच्या मागेमागे, माणूस चालेल तेवढ्या वेगाने येऊ लागली. मध्यावर उजवं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली, पाणी दाराच्या कडीला लागलं. आल्दिसला काचेतून म्हाताऱ्याचा पांढराफटक चेहरा दिसला.

"पाय काढू नकोस! दाबूही नकोस. आहे तसाच. येऊ दे. येऊ दे..."

गाडी थरथरली, तळाशी दगड करकरले, आणि चाक वर आलं. ती निथळत काठावर चढली. ब्रांदुर उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. उंच, वाकलेला माणूस.

"काल आलो असतो तर..." तो म्हणाला.

"काल तू आला नाहीस," आल्दिस म्हणाली. "चल, अवजारं घेऊ."

लांब उतारावर दोघं पायीच गेली. शेवाळावर फळ्या टाकायच्या, फळीवर उभं राहून काम करायचं, म्हणजे बुजवायला आलेल्यांनीच नवे खड्डे पाडायला नकोत. चाकोरीत आधी दगड, मग माती, मग आजूबाजूला सैल झालेले शेवाळाचे गड्डे उचलून तळहाताने दाबून बसवायचे. उरलेल्या जागी शेवाळाचा चुरा आंबट दह्यात कालवून पसरायचा. तो धरतो, धरला तर. तीन तासांत वीस पावलं झाली.

ब्रांदुर गुडघ्यावर बसून काठ चाचपत होता. "बघ, काय चालवलीय गाडी," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली तरी कळतं. कुठे चाक घसरलेलं नाही, कुठे वळवळ नाही. तोल न जाता सरळ. थोरिरच तो."

आल्दिसने हातातला गड्डा खाली ठेवला.

"थोरिर नव्हता."

"काय?"

"थोरिर बाजूने धावत होता. नको नको म्हणत होता. गाडी मी चालवत होते. त्याची बायको मी."

वारा होता. ब्रांदुरला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं, म्हणून ती पुन्हा बोलली, या वेळी मोठ्याने, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की तिची तीच दचकली.

तो फळीवर बसला.

"त्या सभेला तू होतीस," तो म्हणाला. "शेवटच्या रांगेत. करडा स्वेटर. मी तुला कॉफी आणून दिली होती."

"हो."

"मी ते सगळं त्याच्या तोंडावर वाचून दाखवलं आणि तू कॉफी पीत होतीस?"

"प्यायले नाही. पण हातात धरून बसले होते."

"तुला उठता येत नव्हतं?"

"येत होतं."

ती आणखी काही सांगणार होती, बचाव पथकाचं, थोरिर काय म्हणाला त्याचं. सांगितलं नाही. ते खरं होतं, पण सांगितलं असतं तर सारवासारव वाटली असती.

ब्रांदुर उठला, फावडं उचललं आणि वरच्या टोकाला जाऊन एकटाच दगड भरू लागला. दुपारपर्यंत दोघं उताराच्या दोन टोकांना होती. एक वाजता आल्दिसने स्मोक केलेल्या मटणाचे तुकडे घातलेल्या भाकऱ्या आणि थर्मास घेऊन फळ्यांवरून त्याच्याकडे जायचं धाडस केलं. त्याने भाकरी घेतली.

"मला राग आलाय," तो खात खात म्हणाला. "तुझा आलाय, त्याचा आलाय, माझाही आलाय. कुणाचा किती, ते अजून कळत नाही. त्या पत्रानंतर आमच्यातल्या कुणी रस्ता सोडला नाही, एवढं मात्र झालं. पण माणूस भलताच धरला."

"मंडळाच्या वहीत थोरिरचं नाव आहे ना?"

"आहे. माझ्याच अक्षरात."

"मग बदल. तुझ्याच अक्षरात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "बचाव पथकातली ती आल्दिस तूच ना? नाव मोठं आहे तुझं. लोक बोलतील."

"बोलू देत. माझं नाव नीट लिही म्हणजे झालं."

संध्याकाळपर्यंत साठ पावलं झाली. चारशेंतली साठ. रात्री निवाऱ्यात तो एका टोकाच्या बिछान्यावर झोपला, ती आपल्या खोलीत. भिंतीपलीकडून त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि तो आवाज ती कितीतरी वेळ जागी राहून ऐकत होती.

पहाटे पाणी उतरल्यावर त्याने नदी ओलांडली. या वेळी खड्डा चुकवला. पलीकडे पोचल्यावर वायरलेसवर म्हणाला, "आलो वर. पुढल्या वर्षी उरलेली बघू."

"येशील?"

"बघू म्हणालो." मग थोडं थांबून, "गाडी तू चांगली चालवलीस. तोच तर राग आहे."

पांढरी जीप वळणाआड गेली. वायरलेसचा पल्ला संपेपर्यंत आल्दिस तो हातात धरून उभी होती.

नऊ वाजता वायरलेसवर रागना आली. "काय म्हणतो म्हातारा?"

"गेला. साठ पावलं झाली. रागना, तुझ्या यादीत 'अज्ञात' लिहिलंयस ना? तिथे माझं नाव घाल."

"काय बोलतेस?"

आल्दिसने सांगितलं. पाच वाक्यांत झालं.

"अगं, मी हे वर कळवायला हवं," रागना हळूच म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्याला ते तुला निवारा देतील की नाही, मला नाही सांगता येत. मला नको सांगायला होतंस गं."

"कळव तू."

"तू बरी आहेस ना? एकटी आहेस तिथे."

"बरी आहे. उद्या नऊला बोलू."

दुपारी पाऊस आला, आडवा, बर्फाच्या अंगावरून आलेला. तासभर आल्दिस आत बसून राहिली. मग तिला राहवलं नाही. विजार, रेनकोट चढवून ती लांब उतारावर गेली. चाकोरीच्या वरच्या तोंडाने पाणी आत शिरत होतं आणि कालचे कितीतरी गड्डे सुटून खाली वाहत आले होते. दह्यात कालवलेला चुरा तर पांढरा ओघळ होऊन निघून गेला होता.

ती वरच्या तोंडाशी गेली, दगडांचा लहानसा बांध घालून पाणी बाजूच्या खडकाकडे वळवलं. मग खाली आली, फळीवर गुडघे टेकले आणि वाहून आलेला पहिला गड्डा उचलला. तो पाण्याने जड झाला होता. तिने तो पिळला नाही; होता तसा जागेवर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार देऊन, खालची माती बोटांना लागेपर्यंत दाबून धरला.